एका हाताला तीन सूत

मंगळवारी दुपारी मी मिस्त्रींना सांगितलं, की पुस्तकातलं ते चित्र आपल्या जहाजाचं नाही. त्यांनी पटाशी खाली ठेवली, चष्मा काढला आणि म्हणाले, "बसा."

"बसा" हे ते सगळ्यांनाच म्हणत. दुकानात बसायला एकच स्टूल होतं आणि त्यावर ते स्वतः बसलेले असत. येणारा माणूस इकडेतिकडे बघे आणि उभाच राही. त्या मंगळवारी मात्र ते उठले आणि त्यांनी स्टूल माझ्याकडे सरकवलं. तीन वर्षांत पहिल्यांदा.

भिवंडीतल्या निजामपुऱ्यात लूमच्या दोन कारखान्यांच्या मधे त्यांचं दुकान होतं. तुम्ही त्या गल्ल्यांतून गेला असाल, तर तिथे बोलणं कसं चालतं हे तुम्हाला माहीत असेल. दोन्ही बाजूंनी खटखट चालू असते आणि माणसं एकमेकांचे ओठ बघून उत्तरं देतात. मिस्त्री लूमचे लाकडी भाग दुरुस्त करत, मुख्यतः धोटे. आडवा धागा पोटात घेऊन इकडून तिकडे पळणारा धोटा दोन्ही टोकांना निमुळता आणि मधे पोकळ असतो. तो होडीसारखा दिसतो, असं मी एकदा त्यांना म्हणाले. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला असलं काही लगेच सुचतं. ते म्हणाले, "धोट्याला पानी लागत न्हाय."

मी जवळच्या शाळेत ग्रंथपाल होते. वाचनालयाच्या कपाटांची दारं बसवायला ते ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्याकडे आले, ते पहिल्यांदा. व्हरांड्यात तेव्हा इतिहासाचं प्रदर्शन मांडलेलं होतं. मराठ्यांच्या आरमाराची पहिली जहाजं आपल्याच खाडीत बांधली गेली, असा मथळा लावून खाली थर्माकोलचं एक जहाज ठेवलं होतं. मिस्त्रींनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. मुख्याध्यापक शेजारीच उभे होते. त्यांना मिस्त्री म्हणाले, "ह्ये बुडंल."

मुख्याध्यापक हसले. म्हणाले, मग मिस्त्री, तुम्हीच करून द्या न बुडणारं. ते गमतीत म्हणाले होते. पण मिस्त्रींशी गमतीत काही बोलायचं नसतं, हे त्यांना तोवर कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मिस्त्री वाचनालयात आले आणि जहाजाची मापं मागू लागले.

मापं एका जुन्या मराठी पुस्तकात होती. गुराब नावाचं जहाज, लांबी पन्नास हात. मी कागद-पेन्सिल घेऊन प्रमाण काढायला बसले. अठरा इंचांचा हात धरून इंच केले, इंचांना भागलं. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि म्हणाले, "एका हाताला तीन सूत धरा." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुतारांचं सगळं त्यात चालतं. मी हिशोब पुरा केला. अठ्ठेचाळीसास एक आला. जहाज पावणेएकोणीस इंच होणार होतं. त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला, पण नंतर तो कधी उघडलेला मी पाहिला नाही.

सागवान शाळेनेच दिलं. मोडलेला एक बाक होता. त्यावर मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या कोरलेलं होतं. मिस्त्रींनी फळ्या चिरताना कोरलेली बाजू आत घेतली. त्यामुळे जहाजाच्या पोटात डाव्या अंगाला 'भूमिती' हा शब्द आहे आणि त्याच्यापुढे एक शिवी आहे. दोन्ही सुवाच्य आहेत.

तळाचा लांब कणा आधी बसला. त्याला ते पठाण म्हणत. मग त्यावर दोन्ही बाजूंना फासळ्यांसारखे वाक उभे राहिले. वाकांवर फळ्या वळवण्यासाठी त्यांना वाफ लागे. खाडीकाठच्या कोन गावात त्यांचं घर होतं. तिथे बायकोच्या मोदकपात्रात ते फळ्या उकडत. मी एकदा चतुर्थीला गेले, तेव्हा त्यांच्या पत्नींनी मला मोदक वाढले आणि म्हणाल्या, "खाऊन बगा. सागाचा वास येतो का, ते सांगा." येत होता. मी नाही म्हटलं. मिस्त्री म्हणाले, "बाई खोटं बोलतात, पन चांगल्या हायेत."

फळ्यांच्या फटी त्यांनी कापूस आणि राळ भरून बुजवल्या. खऱ्या जहाजाच्या अशाच बुजवतात. भिवंडीत कापसाची उणीव नव्हती. दरवाजा उघडा ठेवला की तो आपोआप येऊन बसे. दुकानापुढे पाण्याचं एक पिंप होतं. काम थोडं पुढे सरकलं की ते जहाज त्यात सोडत आणि कमरेवर हात ठेवून उभे राहत. शिफ्ट सुटलेले कामगार भोवती जमत. त्यातल्या एकाने एकदा विचारलं, "चाचा, ये जहाज कहाँ जाएगा?"

मिस्त्री म्हणाले, "मालेगाव."

"तो मेरे भाई को एक चिट्ठी दे देना."

"लिख के ला," मिस्त्री म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्या माणसाने खरंच चिठ्ठी आणली. मिस्त्रींनी ती मालेगावला जाणाऱ्या एका ट्रकवाल्याकडे दिली. उत्तरही आलं, असं ऐकलं.

आता त्या चित्राविषयी. जहाजाची मागची बाजू मिस्त्रींनी आधी निमुळती केली होती. दोन्हीकडच्या फळ्या मागे जवळ जवळ येत गेलेल्या आणि शेवटी एका उभ्या लाकडाला मिळालेल्या. त्यांचे वडील खाडीत पडाव, म्हणजे मालाची होडी, चालवत. भात आणि कौलं भरून कोनहून निघायचं आणि भरतीच्या जोरावर बंदरांना लागायचं. त्या पडावाची मागची बाजू अशी होती. मिस्त्री लहानपणी तिच्यावर बसून पाय सोडत. चार महिने लागले त्यांना ती घडण साधायला.

मी बघायला गेले, ती पुस्तक घेऊनच. त्यात एक पानभर चित्र होतं. जहाजाची मागची बाजू उंच, सपाट, भिंतीसारखी, आणि तिला पाच खिडक्या. मी म्हणाले, मिस्त्री, तुम्ही केलंय ते पडावाचं झालं. गुराब असं नसतं. हे बघा.

त्यांनी चित्र बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "पुस्तकात हाय?"

"हो."

"मंग हाय."

चौथीपर्यंत शिकलेला माणूस छापलेल्या कागदावर जेवढा विश्वास ठेवतो, तेवढा आम्ही ठेवत नाही. चार महिन्यांचं काम त्यांनी एका दुपारी काढलं. काढताना एकच प्रश्न विचारला, "मागं खिडक्या कशाला? मागं कोन बगनार?" मी म्हणाले, कप्तानाची खोली असेल. ते "असंल" म्हणाले आणि आगपेटीच्या काडीएवढ्या पट्ट्या कापायला लागले. पाच खिडक्या करायला सात महिने गेले. मधे त्यांना धाप लागू लागली. डॉक्टरांनी लाकडाचा भुसा आणि कापसाची धूळ टाळायला सांगितलं. मिस्त्री म्हणाले, "म्हंजे भिवंडीत श्वास घ्यायचा न्हाय, असं सांगतो तो." मग नाकाला पंचा बांधून काम करू लागले. आधी दिवसभर करत, मग अर्धा दिवस, मग दोन तास.

मुख्याध्यापकांनी स्नेहसंमेलनात जहाजाचं अनावरण ठरवलं. बावीस दिवस उरले होते. शिडं चढायची होती आणि सुकाणू बसायचं होतं, बाकी सगळं झालं होतं. त्याच सुमारास वाचनालयातलं ते पुस्तक माझ्या हातात आलं आणि त्याच्या मागच्या पुठ्ठ्याचा चिकटवलेला कागद दमट हवेने सुटला. मागे एक आणखी पान निघालं. पुस्तक बांधायला मीच पाठवलं होतं आणि बांधणाऱ्याने शेवटचं पान पुठ्ठ्याला चिकटवून टाकलं होतं. परत आल्यावर पानं मोजून घेणं हे माझं काम होतं.

ते चित्रांच्या सूचीचं पान होतं. मी दाखवलेल्या चित्रापुढे छापलं होतं, की हे परदेशी व्यापारी जहाज आहे आणि तुलनेसाठी दिलं आहे. गुराबाचं चित्र मिळालं नाही, वर्णन अमुक पानावर पाहावं, असं त्याखाली होतं. ते वर्णन मी वाचलेलं होतं. मागचं अंग निमुळतं असतं आणि ती घडण खाडीतल्या पडावांत अजून दिसते, असं लेखकाने स्पष्ट लिहिलं होतं. पण मी ते चित्र पाहिल्यानंतर वाचलं होतं, आणि लेखकाने जरा ढिलं लिहिलंय असं समजले होते.

पुस्तक मी खणात ठेवलं आणि खणाला कुलूप लावलं. नऊ दिवस ते तिथे राहिलं. मी स्वतःला असं समजावलं, की शाळेत कोणाला फरक कळणार नाही. हे खरंच होतं. मिस्त्रींची तब्येत पाहता आता त्यांना काही सांगणं निर्दयपणाचं आहे, असंही समजावलं. हेही खरंच होतं. रोज शाळा सुटल्यावर मी दुकानात जात होते आणि उभी राहत होते.

नवव्या दिवशी, म्हणजे त्या मंगळवारी, ते खिडक्यांना तेल लावत होते. कापडाचं टोक बोटाला गुंडाळून एकेका चौकटीवरून फिरवत होते. मान वर न करता म्हणाले, "आमचा बापूस अडानी होता, बाई. पडाव चालवला जल्मभर. म्हनायचा, आपल्या वाडवडलांनी मोठी जहाजं बांधली, ती अशीच. मागनं अशीच." इथे त्यांनी दम घेतला. "मी पन तेच धरून बसलेलो. त्याला काय ठावं मोठ्या जहाजातलं."

तेव्हा मी सांगितलं.

स्टुलावर बसून मी सगळंच सांगितलं. बांधणाऱ्याचं, चिकटलेल्या पानाचं, नऊ दिवसांचंही. सूचीचं पान सोबत नेलं नव्हतं, म्हणून तेही तोंडी सांगितलं. मिस्त्री उभे होते. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी पडावाचा शब्द पुस्तकात आहे का, एवढंच विचारलं. मी हो म्हणाले.

"छापलेला?"

"छापलेला."

त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. "म्हंजे बापूस बरोबर होता," म्हणाले. मग शेजारच्या कारखान्याच्या दारात जाऊन त्यांनी चहा सांगितला. चहा आल्यावर मला म्हणाले, की पुढच्या वेळी पुस्तक बांधून आलं की पानं मोजत जा. एवढाच राग त्यांनी दाखवला. चहा संपल्यावर हातोडी उचलली, आणि खिडक्यांची भिंत एका ठोक्यात खाली आली.

मी म्हणाले, थांबा, संमेलनाला तेरा दिवस आहेत. ते म्हणाले, "संमेलन दर वर्सी असतं."

संमेलनात जहाज मांडलं गेलं नाही. मुख्याध्यापक माझ्याशी चार दिवस फक्त कामापुरतं बोलले. मिस्त्री रोज दोन तास, मग एक तास बसत. नव्या फळ्या पुन्हा मोदकपात्रात उकडून येत होत्या. त्यांच्या पत्नींनी ते पात्र आता जहाजाला देऊन टाकलं होतं. फळी बसवण्याआधी ते डोळे मिटत आणि वाकांवरून अंगठा मागेपर्यंत फिरवत नेत. मग पेन्सिलीने एक बारीक खूण करत. मला त्यांनी पुस्तक आणू नका असं सांगितलं नाही. मीच नेलं नाही.

पाच आठवड्यांनी ते घरीच राहू लागले. मी कोनला गेले. ते भिंतीला उशी लावून बसले होते. बोलायला वेळ लागत होता, म्हणून बराच वेळ त्यांच्या पत्नीच बोलत होत्या. डॉक्टर काय म्हणाले, कोण कोण बघून गेलं. त्या आत गेल्यावर मी जे बोलायला आले होते ते बोलले. म्हणाले, मी गप्प बसले असते तर जहाज आतापर्यंत पुरं झालं असतं.

"झालं असतं," ते म्हणाले. मग म्हणाले, "पन कोनाचं?"

मी विचारलं, दुसऱ्या कोणाकडून पुरं करून घेऊ का. त्यांनी छताकडे पाहिलं. असा कोणी आहे का, हे ते खरोखरच आठवत असावेत. मग नाही अशी मान हलवली. पुढच्या शुक्रवारी ते गेले. मला शनिवारी शाळेत कळलं. त्या दिवशी मी पुस्तकं देण्याघेण्याचं काम नेहमीप्रमाणे केलं, आणि दोन मुलांना चुकीची पुस्तकं दिली.

नंतर मुख्याध्यापकांनी एक दुसरे सुतार बोलावले. त्यांनी जहाज उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, प्लायचा तुकडा मारून दोन दिवसांत बंद करून देतो, वर पॉलिश केलं की कळणार नाही. मी म्हणाले, ही वाचनालयाची संदर्भवस्तू आहे, तिच्यात फेरफार करता येत नाही. असा नियम नव्हता. पण असेल असं मुख्याध्यापकांना वाटलं आणि त्यांनी सुतारांना परत पाठवलं.

मी निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. जहाज वाचनालयात काचेच्या कपाटात आहे. शिडं नाहीत. मागची बाजू उघडी आहे. तिथे डावीकडे पाच फळ्या बसलेल्या आहेत, उजवीकडे दोन. उरलेल्या फळ्यांच्या जागी वाकांवर पेन्सिलीच्या खुणा आहेत.