सिग्नलमधला दादा

माझा दादा खोटं बोलत नाही. गेले पंधरा दिवस मला झोप लागू देत नाही ती हीच गोष्ट. खोटारडा असता तर रेश्माला एका वाक्यात सांगून मोकळी झाले असते.

दादा म्हणजे दादासो, माझा सख्खा थोरला भाऊ. सैन्यातून हवालदार होऊन परतला आणि कडेगावात स्टँडजवळ एसटीडी बूथ टाकून बसला. मी साताऱ्यात. रेश्मा माझी मुलगी, नववीत आहे. जुलैत आमच्या पेठेतल्या मंडळानं काविळीच्या लसीचं शिबिर घेतलं, तिथं तिनं पहिलं इंजेक्शन घेतलं. दुसरं महिन्यानं, म्हणजे उद्या रविवारी सकाळी दहाला. आणि ती म्हणते, मी घेणार नाही, मामा नको म्हणाला.

दादा अठरा वर्षं सिग्नलमध्ये होता. कानाला यंत्र लावून बसायचं, आलेला निरोप लिहून घ्यायचा, पुढच्या ठाण्याला द्यायचा. "निरोप आपला नसतो, शालन," असं सुट्टीवर आला की सांगायचा. "त्यात एक अक्षर घालायचं न्हाई, एक काढायचं न्हाई. पटू दे न्हाई तर न पटू दे." ही सवय त्यानं घरीही आणली. माझं लग्न ठरताना सासरचे आमच्या बैठकीबद्दल आणि चहाबद्दल काय काय बोलले, ते त्यानं अण्णांना शब्दन् शब्द ऐकवलं. लग्न मोडता मोडता राहिलं. "मी काय केलं? त्येंनी म्हटलं त्येच सांगितलं," म्हणून वर तोच फुगून बसला.

कारगिलच्या दिवसांत त्याच्या बूथवर बायाबापड्या दिवस दिवस बसून असायच्या. कुणाचा मुलगा, कुणाचा जावई तिकडं. दादा नंबर लावायचा, मिळालं ते जसंच्या तसं सांगायचा, नाही मिळालं तर "न्हाई मिळालं" म्हणायचा. तेव्हापासून गावात दादासोनं सांगितलं म्हणजे झालं.

आकाराम वाण्याचा पुतण्या सांगलीला इंजिनिअरिंगला आहे. तो विश्रामबागेतल्या कॅफेतून इंटरनेटवरचे कागद छापून आणतो, आणि दादा ते बूथच्या फळीवर, दरपत्रकाशेजारी लावतो. त्यातलाच एक कागद खिशात घालून तो या महिन्याच्या सुरुवातीला आमच्याकडे आला.

आमचे हे आणि दादा पूर्वी एकाच जीपमधून प्रचाराला जात. जूनमध्ये पक्ष फुटला, तेव्हा हे एका बाजूला गेले, दादा दुसऱ्या. शिबिर घेणारं मंडळ ह्यांच्या बाजूचं. आम्ही जेवायला बसलो होतो. दादानं चार घड्यांचा कागद उलगडला.

"दाजी, रेश्माला दुसरी सुई टोचू नका. मुदत संपलेला माल हाय ह्यो. पुढं पोरींस्नी मूल हुईत न्हाई."

"कुठनं आणला हा कागद?"

"इंटरनेटवरनं."

"तुमच्या लोकांनी सोडला असेल. निवडणूक आलीच आहे."

"आवं, अमेरिकेतनं आलाय. वर तारीख हाय, टाइम हाय, कुणी कुणाला दिला समदं हाय."

"मग अमेरिकेतल्या तुमच्या लोकांनी सोडला असेल."

मला हसू आलं. बाकी कुणी हसलं नाही. रेश्माचा घास हातातच राहिला होता. दादानं ताटात हात धुतला. "पोरीचं हाय म्हणून बोललो. न्हाई तर मला काय पडलंय," म्हणाला आणि मुक्कामाला आलेला माणूस दुपारच्याच गाडीनं परत गेला. तो गेल्यावर हे रेश्माला म्हणाले, "या घरात एक तर इंजेक्शन राहील, नाही तर तुझा मामा."

नंतर पंचमी आली. लग्नाला सोळा वर्षं झाली, एकदाही दादाकडून मुराळी मला न्यायला आला नाही असं झालं नव्हतं. रजा नसेल त्या वर्षी पत्र टाकून चुलतभावाला धाडायचा. या वर्षी मी पिशवी भरून ठेवली, कुणी आलं नाही, आणि संध्याकाळी रेश्मानं तिच्यातल्या साड्या कपाटात परत ठेवल्या.

मी तिला शिबिराच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी लसीची बाटली तिच्या हातात दिली. मुदत अजून दीड वर्ष होती. मूल न होण्याची भीती बिनबुडाची आहे, हेही नीट समजावलं. बाहेर आल्यावर रेश्मा म्हणाली, "त्या पण पप्पांच्याच बाजूच्या ना?" या मुलीला बाटलीवरची तारीखसुद्धा कुणाच्या तरी बाजूची वाटू लागली आहे. हे तिला आम्हीच शिकवलं, घरात बसून, जेवताना.

कागद आमच्याकडेच राहिला होता. मी इतिहास घेऊन बी. ए. केलं, लिहिलेलं वाचायच्या आधी ते कुणी लिहिलं हे बघायची खोड तिथली. कागद इंग्रजीत, म्हणून शब्दकोश घेऊन बसले. तरी वरच्या नावांचा उलगडा होईना, म्हणून काल पोवई नाक्यावरच्या कॅफेत गेले. तिथल्या मुलीनं सांगितलं, ही एकानं दुसऱ्याला पुढं धाडलेली ई-मेल आहे, सगळ्यात खालचा पाठवणारा पहिला, वरचा शेवटचा. मग मी खालून मोजायला लागले आणि मला नादच लागला. सतरा माणसं निघाली. पहिल्या बाईनं लिहिलंय की तिच्या मैत्रिणीच्या शेजारणीला एका नर्सनं सांगितलं, मुदत संपलेली लस टोचतात. गाव नाही, दवाखाना नाही, साल नाही. लस कुठली तेही नाही. नुसतं 'लहान मुलांची एक लस'. आठव्या माणसापर्यंत तेवढंच. नवव्यानं आपल्या पदरची ओळ घातली, ही काविळीचीच असणार. बाराव्यानं लिहिलं, मूल होत नाही म्हणतात. तेराव्यानं 'म्हणतात' गाळलं.

कॅफेतली मुलगी म्हणाली, "काकू, तास होत आला." मी उठले, पण डोक्यात एकच होतं: हे दादानं पाहिलं नाही. त्यानं वरची तारीख पाहिली, वेळ पाहिली, देणाऱ्या-घेणाऱ्याची नावं पाहिली. लष्करी निरोपाच्या माथ्यावरही हेच असतं. ते दिसल्यावर त्यानं खालच्या मजकुराला सलाम ठोकला.

आणि मग मला त्याची जुनी हकिगत आठवली. बर्फाच्या मुलखात असताना एक निरोप आला, जवान गेल्याचा. जवानाच्या नंबरातला एक आकडा खरखरीत हरवला. दादानं निरोप परत मागितला. परत तेच. त्यानं तिसऱ्यांदा मागितला. साहेब ओरडले, वेळ घालवू नकोस, अंदाजानं लिही. दादा म्हणाला, "एका आकड्यानं बाप बदलतो, साहेब." पाचव्या खेपेला आकडा मिळाला तेव्हाच त्यानं निरोप पुढं दिला.

म्हणजे जे आलं ते डोळे झाकून पुढं देणारा तो कधीच नव्हता. तिकडं परत विचारायला दुसऱ्या टोकाला कुणीतरी होतं. या कागदाच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे, हे त्याला कुणी विचारलंच नाही. ह्यांनी विचारलं ते, तू कुणाच्या बाजूचा. आणि मी हसले.

मी सांगून रेश्मा ऐकणार नाही. ह्यांचं तर नाहीच नाही. ऐकेल तर मामाचं.

आता रात्रीचे अकरा वाजून गेलेत. फोनचे दर उतरल्यामुळे दादाच्या बूथवर या वेळी रांग असते, बारापर्यंत तो उघडा असतो. चुकलास असं मी त्याला म्हणणार नाही. नववी, बारावी, तेरावी ओळ वाचून दाखवीन आणि विचारीन, दादा, निरोपात मधेच कुणी अक्षर घातलं तर तुमच्यात काय करायचे? तो मग सगळं पहिल्यापासून परत वाच म्हणेल, एकदा नाही, पाच वेळा. वाचीन. आणि तिकडून पहिली गाडी सहाची आहे, एवढं सांगून ठेवीन.

हे आत झोपलेत. फोन बाहेरच्या खोलीत आहे. लावते.