धावणं सोडलेला माणूस

"हळू धाव रे, केस मागे रवले."

रापणीच्या मोठ्या जाळ्याची दोरी किनाऱ्यावरून ओढता ओढता म्हातारे मच्छीमार त्या तरुणाला विरळ होत चाललेल्या केसांवरून रोज असं चिडवत. तो हसे, टोपी कपाळावर ओढे, जरा वेळ त्यांच्याबरोबर दोरी ओढे आणि पुन्हा किनाऱ्याने धावू लागे. मी किनाऱ्याकडे उतरणाऱ्या पायरीवर पुस्तक घेऊन बसलेली असे.

एकदा तो धापा टाकत माझ्यापुढे थांबला. "घामान केस गळतत, म्हणतत. तुमी शिकलेली माणसा. खरा काय ता?"

व्यायामाने टक्कल पडत नाही आणि टळतही नाही, ते बहुतेक घराण्यातूनच येतं, हे मी वाचलं होतं. पण इंग्रजी शाळेमुळे माझी मालवणी अडखळते. सगळे हसतील म्हणून मी नुसते खांदे उडवले.

दुसऱ्या दिवसापासून तो धावायला आला नाही.

काही वर्षांनी तो त्याच पायरीवर बसलेला दिसला. पोट सुटलं होतं. रापण ओढणाऱ्यांकडे तो नुसता बघत होता. वाऱ्याने त्याची टोपी उडाली, तेव्हा कानांजवळचे तेवढे केस उरलेले दिसले. मी टोपी उचलून दिली.

"धावणा सोडलंय, तरी केस गेलेच," तो हसत म्हणाला.

"माका तेव्हाच म्हायत होता," मी म्हणाले.