ओट्यामागची मधाळ भिंत

स्वयंपाकघरात ओट्यामागच्या भिंतीला मोरोक्कोच्या टाईल्स लावायच्या, हे माझंच वेड. पुण्यात एका मैत्रिणीच्या घरी त्या पाहिल्या होत्या. हातानं थापलेली माती, वर काचेसारखी जाड चकाकी, आणि एक टाईल दुसरीसारखी नाही. कुठं उंचवटा, कुठं खळगा. उजेड पडला की भिंत हलल्यासारखी वाटायची. मी मधाच्या रंगाच्या मागवल्या.

कोल्हापुरात, कसबा बावड्यातल्या घरात आम्ही तिघंच. मी, नवरा आणि सासूबाई. त्यांना मी आत्ती म्हणते. आत्तींनी उभा जन्म म्हशींत काढला. महापुरात गोठ्यात पाणी शिरलं, तेव्हा छातीएवढ्या पाण्यात उभं राहून त्यांनी दावी कापली होती. पुढं म्हशी विकल्या. अलीकडं त्यांना विसर पडू लागला होता. गॅसवर दूध ठेवून अंगणात जाऊन बसायच्या, जेवून उठल्यावर परत ताट मागायच्या. वय झालं, असं म्हणून आम्ही सोडून देत होतो.

मिस्त्रीनं पेटी उघडली आणि म्हणाला, "वहिनी, ह्या समद्या वाकड्या हायत की. परत धाडा."

"त्या अशाच असतात," मी म्हटलं.

नाराजीनं का होईना, त्यानं त्या नीट लावल्या. दुसऱ्या दिवशी खिडकीतून ऊन आलं, तेव्हा हातातला चहा निवेपर्यंत मी भिंतीकडं बघत राहिले.

आत्ती आल्या आणि दारातच थबकल्या. लुगडं घोट्याच्या वर धरलं.

"पाणी आलंया," त्या म्हणाल्या.

"कुठं, आत्ती?"

"तुला दिसत न्हाय व्हय? भिंतीवरनं उतरतंय बघ. म्हशी सोडल्यास का?"

मी त्यांचा हात धरून टाईलवर ठेवला. "कोरडी आहे बघा." बोटांना गार लागलं, तेवढं त्यांना पुरलं. हात ओढून घेतला आणि पदराला पुसला.

त्या दिवसापासून घरात दुसरं काही राहिलं नाही. दिवसभर फडक्यानं भिंत पुसायच्या. तांदळाचा डबा, पिठाचा डबा, चपला, सगळं कॉटवर चढवायच्या. नवऱ्यानं भिंतीवर चादर टांगली, तर ती उचलून बघायच्या. "मागं साचतंय," म्हणायच्या.

डॉक्टरांनी तपासलं. स्मृतिभ्रंशाचा आजार बराच पुढं गेलाय, आता मागं फिरणार नाही, म्हणाले. अशा माणसांना चकचकीत भिंत ओली दिसते. जमलं तर काढून टाका.

घरी येताना नवरा एवढंच म्हणाला, "काढूया?"

"काढा," मी म्हटलं.

तोच मिस्त्री आला. काहीतरी बोलणार होता, पण कॉटवर गाठोडं उराशी धरून बसलेल्या आत्ती दिसल्या आणि त्यानं छिन्नी-हातोडा काढला. एकही टाईल अखंड निघाली नाही. मागं साधं प्लास्टर करून पांढरा रंग दिला.

नवऱ्यानं आत्तींना हाताला धरून आत आणलं. "आई, बघ. पाणी गेलं."

त्यांनी भिंत न्याहाळली. मग खाली पाहिलं. "गेलं न्हाय," त्या म्हणाल्या. "खाली उतरलंय. आता घरात पसरलं."

खालची फरशी साधीच होती, कित्येक वर्षांची, रोज त्यांच्या पायाखालची. तिच्यावर त्या परत पाय ठेवीनात. आम्ही सतरंज्या अंथरल्या, नवऱ्यानं स्वतः अनवाणी चालून दाखवलं. त्या कॉटवर पाय पोटाशी घेऊन बसल्या, त्या बसल्याच. काही महिन्यांत गुडघे तसेच आखडले. आता उचलायला दोघं लागतात.

पाण्याचं भांडं तोंडाशी नेलं तरी त्या दात घट्ट आवळून घेतात. नवरा हनुवटी धरतो, मी चमच्यानं ओठांच्या कडेनं थोडं थोडं सोडते. निम्मं गळ्यावर ओघळतं. पुढं पुढं गिळायचंही विसरतील, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय.