गोपाळभाऊंचे आठ पिळे

ऑर्केस्ट्रात वीस वर्षं काढली की गाणी कमी आणि किस्से जास्त जमतात. गाण्यांची निदान वही असते. किस्से आपले चहाच्या कपामागे एक एक करून साचत जातात. परवा शाळेच्या स्टाफरूममध्ये कोणीतरी विचारलं, "मॅडम, तुमच्या ऑर्केस्ट्रात भांडणं होतात का हो?" म्हटलं, "होतात ना! सगळ्यात मोठं भांडण सहा चाव्यांवरून झालं." तेवढ्यात बेल झाली आणि गोष्ट राहून गेली. आता तुम्हीच ऐका.

आमचा ऑर्केस्ट्रा नागपूरचा. त्याला नाव नाही. बॅनर छापणारा दरवेळी आपल्या मनाने काहीतरी लिहितो, आम्ही चालवून घेतो. मी गाते आणि लवकर तापते, दोन्ही जन्मजात. गिटार गोपाळभाऊंची. कळमन्याच्या मार्केट यार्डात त्यांची तुरीची अडत आहे. सकाळी पोती, संध्याकाळी गिटार. आणि माईकवर नाना. नाना गात नाहीत, वाजवत नाहीत. मग ते आमच्यात आले कसे? तिथूनच सुरू करते.

* * *

आमचा पहिला प्रोग्राम कोणाच्या तरी साठीचा होता. एक गाणं झालं आणि गोपाळभाऊंची गिटार उतरली. गिटारच्या मुंडीवर सहा चाव्या असतात, त्या पिळून तार सुरात आणायची. गोपाळभाऊ पिळत होते, तार चढत होती, हात काढला की पुन्हा खाली! पाच मिनिटं झाली. मी भारीतली साडी नेसून, माईक धरून नुसती उभी. लोक भज्यांच्या काउंटरकडे सरकायला लागले.

तेवढ्यात समोरून एक उंच, सडपातळ गृहस्थ उठले, सरळ स्टेजवर आले आणि त्यांनी माईक घेतला. माझ्या हातातून!

"मंडळी, गिटार सुरात येईपर्यंत आमच्या घरचं एक सांगतो. लग्नानंतर आमच्या हिने पहिल्यांदा वरण केलं. मीठ विसरली असेल म्हणून आईने हळूच टाकलं. आई विसरली असेल म्हणून बाबांनी टाकलं. हिने आधीच टाकलं होतं! पण नवी सून, बोलणार कोण? सगळ्यांनी दोनदा मागून खाल्लं आणि रात्रभर माठ रिकामा करत बसले!"

लोक हसताहेत तोच पहिल्या रांगेतून एक काकू उभ्या राहिल्या. "खोटं आहे हो! बाबांनी नाही, यांनीच टाकलं होतं मीठ!"

हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. भज्यांकडे गेलेले परत आले. गिटार सुरात आली तेव्हा नानांनी मला माईक दिला. "घ्या ताई, आता तुमचं होऊ द्या." जसं काही मीच मधे आले होते!

* * *

तेव्हापासून ती आमची रीतच झाली. गोपाळभाऊंचा हात चाव्यांकडे गेला की ते मान न वळवता म्हणायचे, "नाना, दोन मिनिटं!" नाना माईकवर, त्यांच्या कुसुमकाकू पहिल्या रांगेत. वरणाची गोष्ट प्रत्येक प्रोग्रामला, आणि शेवटी काकूंचं "खोटं आहे हो!" ठरलेलं.

एकदा सदरमधल्या हॉलमध्ये प्रोग्राम होता आणि काकूंची ऑटो ट्रॅफिकमध्ये अडकली. इकडे नानांचं वरण शिजून तयार, पण ते काही वाढेनात. डाळ कुठून आणली, कुकरची शिट्टी कशी बिघडली, शेजारणीने कोथिंबीर कशी दिली... गिटार केव्हाच लागली होती! मी डोळे वटारते आहे, नाना दाराकडे बघताहेत. शेवटी दार उघडलं, घामाघूम काकू दिसल्या आणि नाना एका दमात म्हणाले, "अन् सगळ्यांनी दोनदा मागून खाल्लं!"

"खोटं आहे हो!" काकू दारातूनच ओरडल्या.

* * *

गिटार इतकी उतरते का, याचा छडा लावला सदरच्या फ्रान्सिस अंकलनी. त्यांचं गिटार दुरुस्तीचं छोटंसं दुकान आहे. अंकलनी गिटार हातात घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि पोट धरून हसले.

"अरे गोपाल, ये गिटार है के तुअर का बोरा?"

झालं असं होतं की तार बदलताना गोपाळभाऊ ती चावीच्या दांडीला आठ-आठ वेळा गुंडाळायचे. पोत्याचं तोंड बांधून आयुष्य गेलेलं. सुतळीचे जितके पिळे जास्त तितकं पोतं पक्कं, हा त्यांचा हिशोब! अंकलनी समजावलं की पिळे जितके जास्त तितकी तार सरकायला जागा जास्त. दोन-तीन पुरे.

"तीनच? अन् सुटली मंग?" गोपाळभाऊ.

"तार है, तुअर नहीं! कहीं नहीं भागती."

गोपाळभाऊ तीन पिळ्यांवर आले आणि गिटार खरंच सुधारली. नानांच्या वाट्याला दोन-चार मिनिटंच यायला लागली. त्यांना काही वाटलं नाही. घरी ऐकायला काकू होत्याच.

* * *

इतवारीतल्या एका कापडवाल्याच्या मुलीचं रिसेप्शन होतं. त्या दिवशी मी अशी गायले, अशी गायले, की माझी मलाच दृष्ट लागावी. प्रोग्राम संपल्यावर नवरीचे मामा लगबगीने माझ्याकडे आले. मी पदर सावरला, चेहऱ्यावर नम्र हसू आणलं.

"ताई, आमच्या इथं पुढल्या महिन्यात बारसं आहे. ते वरणवाले नाना मोकळे आहेत काय?"

मी आठवडाभर नानांशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही!

* * *

दोन वर्षांपूर्वी कुसुमकाकू गेल्या. आजार म्हणावा असं काही नव्हतं. दुपारी जरा पडते म्हणाल्या आणि उठल्या नाहीत.

तीन महिन्यांनी नाना पहिल्यांदा प्रोग्रामला आले. कोपऱ्यात बसतो म्हणाले. आणि नेमकी त्याच दिवशी गोपाळभाऊंची गिटार पुन्हा उतरली. पहिल्याच गाण्यानंतर! ते चाव्या पिळत राहिले आणि नेहमीसारखं, मान न वळवता म्हणाले, "नाना, दोन मिनिटं!"

मला इतका राग आला. अरे, काय माणूस आहे हा! पण नाना उठले. माईकवर आले. वरण सांगितलं, अगदी तस्संच. "सगळ्यांनी दोनदा मागून खाल्लं," म्हणाले आणि पहिल्या रांगेकडे बघत थांबले. लोक हसत होते, पण नाना काही जागचे हलेनात.

तेवढ्यात मागून गोपाळभाऊ ओरडले, "खोटं आहे हो, नाना!"

नानांनी वळून बघितलं. मग हसले. "घ्या ताई," त्यांनी मला माईक दिला, "आता तुमचं होऊ द्या."

* * *

पण त्यानंतर गिटार जी बिघडली ती बिघडलीच. दर दोन गाण्यांनी उतरायची. चाव्या झिजल्या असणार असं आम्ही धरून चाललो. मीच चौकशी केली, तेव्हा फ्रान्सिस अंकलनी लॉकिंग ट्यूनर दाखवले. चावीच्या मागे एक गोल स्क्रू असतो. तार भोकातून घालायची, स्क्रू आवळायचा, तार तिथंच जखडली. पिळे द्यायची गरजच नाही.

आमची प्रॅक्टिस गोपाळभाऊंच्या घरी असते. तिथं त्यांना सांगितलं तर ते गिटार पोटाशी धरून बसले.

"एकही पिळा नाही? नाही जमत ताई आपल्याले."

"काहून नाही जमत?"

"मुंडी जड होते ना गिटारची."

"मग खांद्याचा पट्टा बदला!"

"जुन्या चाव्यायले हात बसला आहे माया."

"हात बसलाय तर गिटार उतरते कशी?"

"तुमाले नाही समजत ताई," म्हणाले आणि चहा भुरकत बसले. ज्याला मदत करायला जावं त्यानेच असं म्हणावं! माझं डोकं फिरलं. मी म्हणून गेले, "तुमच्या हट्टापायी निम्मा प्रोग्राम बोलण्यात जातो. नानांचं ते वरण ऐकून ऐकून लोकांची तोंडं खारट झाली!"

सगळे माझ्या मागे दाराकडे बघायला लागले. वळून बघितलं तर दारात नाना. हातात संत्रा बर्फीचा डबा.

"खरं आहे, ताई," ते म्हणाले, "जुनंच झालंय ते वरण." डबा टेबलावर ठेवला, सगळ्यांना बर्फी दिली. मला आधी दिली. ती बर्फी मी कशी गिळली, माझं मला माहीत.

* * *

त्याच संध्याकाळी गोपाळभाऊंच्या बायकोने, सुनंदावहिनींनी, मला स्वयंपाकघरात बोलावलं. दार लोटून घेतलं.

"ताई, एक सांगू का? घरी हे वाजवते तेव्हा गिटार कधी उतरत नाही. तीनच पिळ्यायची असते."

"मग प्रोग्रामला?"

"प्रोग्रामच्या दिवशी सकाळी बसून नव्या तारा टाकते. आठ-आठ पिळे मारते एकेकीले. घरी आले का पुन्हा तीन."

"कधीपासून?"

"काकू गेल्या तवापासून. मी म्हटलं, अवो काहून मुद्दाम खराब करता? तर म्हणते, नाना दिवसभर घरात एकटाच राह्यते. बोलन कोणाशी?"

कढईत फोडणी जळून राहिली होती, दोघींच्याही लक्षात आलं नाही. इतकी वर्षं शेजारी उभी राहून गायले मी. सूर चढला की उतरला ते मला एका सेकंदात कळतं. हे मात्र नाही कळलं. लाज वाटली हो मला, खूप लाज वाटली. नानांची माफी मागायला दोनदा फोन उचलला आणि दोनदा ठेवून दिला.

* * *

पुढल्या रविवारी प्रॅक्टिसला नाना आले ते हातात एक छोटा खोका घेऊन. गोपाळभाऊंच्या मांडीवर ठेवला. आत सहा लॉकिंग ट्यूनर, चकचकीत.

"नाना, हे काहून गा?" गोपाळभाऊंचा आवाज फाटला.

"माझ्यामुळे प्रोग्राम लांबतो. चल, बसवून घेऊ." आणि सत्तर वर्षांचा तो माणूस गोपाळभाऊंच्या स्कूटरवर मागे बसून सदरला गेला. मीही मागोमाग गेले. फ्रान्सिस अंकलनी जुन्या चाव्या काढल्या, नव्या बसवल्या, तारा ओवल्या, स्क्रू आवळले. तास-दीड तास लागला. नाना स्टुलावर बसून सगळं बघत होते.

अंकलनी सहाही तारा ताणून ताणून बघितल्या, पुन्हा छेडल्या. "लो. अब ये गिटार नहीं उतरेगा."

"नक्की?" नानांनी विचारलं.

"नाना, मैं जबान देता हूँ."

नानांनी मान डोलावली. जुन्या सहा चाव्या त्यांनी रुमालात बांधून खिशात ठेवल्या. तिथंच मी म्हटलं, "नाना, त्या दिवशीचं..." तर म्हणाले, "अगं, चहा पिऊ चल."

त्याच आठवड्यात सीनियर सिटिझन क्लबचा संध्याकाळचा प्रोग्राम होता. नाना स्टेजवर आलेच नाहीत, खाली पहिल्या रांगेत बसले. कडेच्या खुर्चीत. शेजारची रिकामी ठेवून.

पहिलं गाणं झालं. गिटार सुरात होती. माझा कान आहे, मी सांगते, सहाच्या सहा तारा सुरात होत्या. मी दुसऱ्या गाण्यासाठी श्वास घेतला आणि बाजूला बघितलं. गोपाळभाऊंची मान खाली, हात चाव्यांवर.

"नाना," ते मान न वळवता म्हणाले, "दोन मिनिटं!"

नाना बसल्या जागी चकचकीत चाव्यांकडे बघत राहिले. मग उठले, पायऱ्या चढले. मी माईक पुढे केला.

"मंडळी," नाना म्हणाले, "गोपाळला जरा सांभाळून घ्या. चाव्या नव्या आहेत, हात बसायला वेळ लागतो. तोवर आमच्या घरचं एक सांगतो. लग्नानंतर आमच्या हिने पहिल्यांदा वरण केलं..."

सगळं सांगितलं, माठासकट. आई, बाबा, मीठ. "आणि सगळ्यांनी दोनदा मागून खाल्लं!" म्हणाले आणि पहिल्या रांगेकडे बघत थांबले.

मी गोपाळभाऊंकडे बघितलं. त्यांनी मान वर केली नाही. बाहीने डोळे पुसत होते.

मग मीच ओरडले, "खोटं आहे हो, नाना!"