डेलबर्ट कुकलाची थाप

डेलबर्ट कुकलाचं सरोवराकाठच्या टॅमरॅक बे गावात कुणाशी पटत नव्हतं, आणि पटवून घ्यायची त्याला गरजही वाटत नव्हती. सख्ख्या भावाशी तो बर्फ ढकलायच्या एका यंत्रावरून बावीस वर्षं बोलला नाही. भाऊ गेला तेव्हा दफनाला गेला, शेवटच्या रांगेत बसला आणि घरी येऊन बायकोला म्हणाला, की यंत्र अजून त्याच्याच गॅरेजमध्ये आहे, मी बघून आलो. चर्चमध्ये शुक्रवारच्या जेवणाला बाहेरगावचे गोठवलेले मासे तळतात म्हणून त्याने चर्च सोडलं. बिटाच्या साखर कारखान्यात बॉयलरवर एकतीस वर्षं काढली, दोन्ही गुडघे तिथेच घालवले, आणि निरोपाच्या दिवशी मिळालेलं घड्याळ टेबलावर ठेवून निघून आला, कारण अगदी तसंच घड्याळ त्या हरामखोर फोरमनलाही दिलं होतं.

कार्प माशाच्या नादाला तो लागला तोही रागानेच. गावाबाहेरच्या नदीवर शहरातली काही माणसं ट्राउट मासे धरायला येतात. हजारो डॉलरच्या गळाच्या काठ्या, पिसांच्या नाजूक नकली माश्या, आणि बोलणं असं की जणू नदी यांच्या वाडवडिलांनी खणली. निवृत्त झाल्यावर डेलबर्ट एकदा जुनी काठी घेऊन तिथे गेला. त्यातल्या एकाने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, तुमच्या खाडीत तर नुसते कार्पच ना? तो काही मासा नव्हे, पाण्यातलं डुक्कर आहे ते. डेलबर्टने काठी गाडीत टाकली, घरी आला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने जन्मात कार्पशिवाय दुसरा मासा धरला नाही.

आता आमच्या खाडीत कार्प धरायचा म्हणजे काय, हे त्या शहरी लोकांना सात जन्मांत कळणार नाही. पाणी मांडीइतकं, खाली चिखल गुडघाभर. चालत जाल तर रुताल, आणि मोटार लावाल तर मैलभर मासा उरणार नाही. म्हणून डेलबर्टने कयाक घेतली, एकट्याने वल्हवायची छोटी होडी, रुंद तळाची, आणि त्रेसष्टाव्या वर्षी त्या गुडघ्यांवर तो तिच्यात उभा राहायला शिकला. बसून मासा दिसत नाही. उभं राहून, काळा चष्मा लावून, पाण्यावर वर आलेलं शेपूट किंवा तळातून उठलेला चिखलाचा धूर शोधायचा. मग माशी त्याच्या पुढे दोन वीत टाकायची. एक वीत टाकली तर तो पळतो, तीन वीत टाकली तर त्याला दिसत नाही. हाताला ओढ लागत नाही. कार्प माशी ओठांनी नुसती आत घेतो आणि पटली नाही तर थुंकतो, त्यामुळे त्याचे ओठ बघत राहायचं. जगात कुणासाठी पाच मिनिटं न थांबणारा हा माणूस एका माशासाठी दोन-दोन तास हलायचा नाही.

जूनमध्ये तर त्याचा मुक्काम तुतीच्या कोपऱ्यात असायचा. खाडीच्या पूर्वेच्या काठावर एक तुतीचं झाड पाण्यावर वाकलं आहे. तुती पिकून पाण्यात पडायला लागल्या की कार्प खाली येऊन तोंड वासून थांबतात. डेलबर्टने नोरीनच्या, म्हणजे बायकोच्या, जुन्या जांभळ्या स्वेटरची लोकर उसवून तुतीसारखी माशी बांधली होती. ती पाण्यात पडताना आवाजही तुतीसारखा करायची. नोरीनने स्वेटरबद्दल दोन दिवस अबोला धरला, पण माशी फार बेतशीर झाली होती हे तिनेही मान्य केलं.

त्या कोपऱ्यात एक मोठी मादी येत असे. तिच्या पाठीवर डाव्या बाजूला बाणाची जुनी जखम होती, पांढरी पडलेली. डेलबर्ट तिला म्हातारी म्हणायचा. सहा उन्हाळे तो तिच्यामागे होता आणि सहा उन्हाळे तिने त्याची माशी थुंकून टाकली होती. नोरीन म्हणायची, या बाईचं आणि माझं बरं जमेल.

ती बाणाची जखम वेंडेल ट्रॅपच्या कंपूची देणगी. ट्रॅपचं धक्क्यावर आमिषाचं दुकान आहे, आणि दर वर्षी जूनच्या शेवटच्या शनिवारी तो कार्पची शिकार भरवतो. तीस-चाळीस बोटी, धनुष्यं, दोरी बांधलेले बाण, बिअरचे डबे, आणि दुपारपर्यंत मेलेल्या कार्पचा ढीग. खायला कुणी नेत नाही. ढीग खड्ड्यात जातो, आणि जे बाण खाऊन निसटतात ते आठवडाभर काठाला येऊन सडतात. डेलबर्टने याविरुद्ध पेपरात अकरा पत्रं लिहिली. अकराव्या पत्रानंतर तीन सडके कार्प वर्तमानपत्रात गुंडाळून, पत्र छापलेलं पान वर येईल अशा बेताने, ट्रॅपच्या पायरीवर ठेवून आला. दोन दिवसांनी कुकलांच्या टपालपेटीवर प्लॅस्टिकचा एक मासा टांगलेला दिसला, डोक्यावर नवरीची जाळी. तेव्हापासून गावाने डेलबर्टचं नाव माशांचा जावई ठेवलं.

त्या वर्षी शिकारीला दहा दिवस उरले असताना म्हातारीने माशी घेतली. घेतली म्हणजे तिचे ते जाड ओठ पुढे आले आणि जांभळी लोकर आत गेली, हे डेलबर्टने डोळ्यांनी पाहिलं. पण त्याआधी अर्ध्या तासात ट्रॅपची बोट दोनदा मुद्दाम जवळून गेली होती. डेलबर्ट कयाक स्थिर ठेवायला एक लांब काठी चिखलात खुपसून कयाक तिला बांधायचा, नेहमी सुरगाठीने, म्हणजे मासा लागला की एक हिसका आणि कयाक मोकळी. मोठा कार्प पळाला की कयाकही त्याच्यामागे ओढली गेली पाहिजे, नाहीतर गळाची दोरी तुटते. बोटीच्या लाटांनी सुरगाठ दोन्ही वेळा सुटली. तिसऱ्यांदा संतापून त्याने निरगाठ मारली. म्हातारी पळाली, रीळ ओरडलं, डेलबर्टने गाठीला हिसका दिला, आणि कयाक जागची हलली नाही. गळाची दोरी ताणली गेली आणि तुटली. म्हातारी नोरीनच्या स्वेटरची लोकर ओठात घेऊन गेली.

कयाकमध्ये बसून त्याने ट्रॅपला त्याच्या आई-बापासकट शिव्या दिल्या. गाठ आपणच मारली, हे त्याच्या मनाला शिवलं नाही. एवढं मात्र त्याने ठरवलं, की शिकारीच्या शनिवारी म्हातारीला त्या लोकांच्या हाती लागू द्यायचं नाही. शनिवार सरला की रविवारी ती आपली.

शिकारीआधीच्या गुरुवारी दुपारी तो धक्क्याजवळच्या खानावळीत गेला. ट्रॅप चार-पाच जणांबरोबर नेहमीच्या टेबलावर होता.

"या जावईबापू," ट्रॅप म्हणाला. "सासरची मंडळी कुठे मुक्कामाला आहेत सध्या?"

एरवी डेलबर्टने एक कचकचीत शिवी दिली असती. त्या दिवशी तो टेबलापाशी गेला आणि टोपी काढून उभा राहिला. असं त्याने आपल्या लग्नातही केलं नव्हतं.

"वेंडेल, एक मागतो," तो म्हणाला. "शनिवारी कोल्टरच्या नाल्यावर तेवढं जाऊ नका. बाकी कुठेही मारा, मी चकार शब्द काढणार नाही."

ट्रॅपने कॉफी ढवळली, बघू म्हणाला, आणि नजर चुकवली. डेलबर्ट बाहेर आला तो आतून उकळत्या आनंदाने. कोल्टरचा नाला खाडीच्या पार पश्चिमेच्या टोकाला, दोन मैलांवर. जूनमध्ये तिथे पाणकणसांशिवाय काही नसतं. वारा नैर्ऋत्येचा असतो, गरम पाणी पूर्वेकडे ढकलतो, आणि कार्प गरम पाण्याबरोबर जातात. डेलबर्ट अकरा वर्षं रोज सकाळी वारा बघून मगच कॉफी घेत होता. त्या कंपूला मात्र वाऱ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

शुक्रवारी तो पाण्यावर गेला नाही, वारा न बघताच कॉफीला बसला. दिवसभर स्वयंपाकघरात बसून त्याने ती टोपी काढल्याची गोष्ट नोरीनला तीनदा सांगितली, ट्रॅपच्या तोंडाची नक्कल करून दाखवली, आणि चाळीस बोटी रिकाम्या पाणकणसांवर बाण मारतानाचं वर्णन केलं. हसून हसून त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. नोरीन कणीक मळत होती. मध्येच ती म्हणाली की गार झोत येतोय, सरोवराकडची खिडकी लाव. त्याने उठून लावली आणि पुढचं सांगू लागला.

शनिवारी आठ वाजता तो तुतीच्या कोपऱ्यात पोचला. झाडाखाली जांभळ्या तुती पाण्यावर नुसत्या तरंगत होत्या. खायला कुणी नव्हतं. शेपूट नाही, चिखलाचा धूर नाही. त्याने पाण्यात हात घातला. पाणी बर्फासारखं होतं. तेव्हा कुठे त्याला पाठीवरचा वारा जाणवला. ईशान्येचा होता, सरोवरावरून येणारा, कालपासूनचा, आणि खाडीतलं सगळं गरम पाणी त्याने पश्चिमेला लोटून नेलं होतं.

दोन मैल तो वल्हवत गेला. वाऱ्याने मदतच केली. त्याच्या डोक्यात एकच होतं, की वल्ह्याने पाणी बडवायचं आणि जे असतील ते हाकलायचे. नाल्याच्या तोंडाशी पोचला तेव्हा हाकलायला काही उरलं नव्हतं. एकूण एक बोट तिथे होती. पाणी ढवळून कॉफीसारखं झालं होतं आणि बोटींच्या तळाशी पिवळी पोटं एकावर एक पडली होती. आजवर इतके मासे शिकारीत कधी मिळाले नव्हते, असं नंतर ट्रॅपच सगळ्यांना सांगत होता.

त्याला बघून शिव्या आल्या नाहीत. बोटींवरच्या कुणी कुणी मान खाली घातली. ट्रॅपने स्वतःची बोट काठीने ढकलत कयाकजवळ आणली.

"डेल, तू म्हणालास जाऊ नका, आणि आम्ही गेलो," तो म्हणाला. "बरं नाही वाटलं, पण गेलो. हे तुझं असावं."

त्याने हात पुढे केला. तळहातावर जांभळ्या लोकरीची माशी होती, गळाला अजून ओठाचा तुकडा. त्याच्या पायाशी म्हातारी पडली होती. पाठीवर जुनी पांढरी जखम, आणि तिच्या शेजारी नवी.

"मी थाप मारली होती," डेलबर्ट म्हणाला. "इथे मासे नव्हतेच. तुम्हाला इकडे धाडावं म्हणून बोललो मी."

ट्रॅपने आपल्या भरलेल्या बोटीकडे पाहिलं, मग डेलबर्टकडे. त्याने दुसऱ्या बोटीवरच्या माणसाला खूण केली, की गप्प राहा, हसू नकोस.

"असू दे रे," तो म्हणाला. कधी नव्हे ते त्याचा आवाज मऊ होता. "होतं असं. धक्क्यापर्यंत ओढून नेऊ का तुला? वारा उलटा आहे."

डेलबर्टने इतकी वर्षं या माणसाचा द्वेष सहन केला होता, किंबहुना त्याच्यावरच तो जगला होता. ही कीव त्याला सोसवली नाही. त्याने माशी घेतली, कयाक वळवली आणि दोन मैल वाऱ्याच्या तोंडावर वल्हवत निघाला. घरी पोचायला त्याला तीन तास लागले. गुडघे सरळ होत नव्हते. काठावरून घरापर्यंत तो दोनदा खाली बसला.

नोरीनने दार उघडलं. त्याने माशी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं, या वेळी नकला न करता. आपली लोकर तिने ओळखली. ओठाचा तुकडा तिने सुरीच्या टोकाने काढला, कागदात गुंडाळला आणि बाजूला ठेवला.

"ट्रॅपमुळे झालं," डेलबर्ट म्हणाला. "त्या दिवशी तो बोट घेऊन आला नसता तर…"

"डेल," ती म्हणाली, "खिडकी तू स्वतः लावलीस."

त्याने खिडकीकडे पाहिलं. ती अजून बंदच होती, आणि काचेवर वारा लागत होता. शिव्या द्यायला त्याला कुणी सुचेना.