काकीच्या मुठीचा साचा

यंदाची कोकण ट्रिप ठरली ती पुण्यातल्या एका प्रदर्शनात, साबण-तेलांच्या स्टॉलपुढे उभं राहून भांडताना. त्यामुळे या पोस्टमध्ये समुद्रकिनाऱ्यावरचे सूर्यास्त शोधू नका. मी समुद्र पाहिलाच नाही.

भांडण मुठेलावरून झालं. मुठेल म्हणजे रातांब्याच्या, आपल्या कोकमाच्या, बियांचं तेल. निवलं की ते तुपासारखं गोठतं, आणि अर्धवट गोठलेलं असतानाच मुठीत दाबून त्याचा गोळा करतात. करणारीच्या चार बोटांच्या खाचा त्यावर उमटतात. आमच्या घरी दर थंडीत गावाहून मुठेलाचा डबा यायचा. तो पाठवायची शालूकाकी, माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. तिचं मधलं बोट सांध्यात वाकडं झालंय, म्हणून तिच्या मुठेलावर त्या बोटाची खाच तिरकी, थेट शेजारच्या खाचेत घुसलेली असते. लहानपणापासून टाचांना तेच घासत आलेय, त्यामुळे ती खाच मी डोळे मिटूनही ओळखेन.

तर त्या स्टॉलवर गुळगुळीत खोक्यांमध्ये मुठेलं मांडली होती. खोक्यावर लिहिलेलं: ‘त्वचा, केस आणि सांध्यांसाठी. हाताने वळलेलं. प्रत्येक वडी वेगळी.’ मी एक उघडलं. तिरकी खाच. दुसरं उघडलं. तिरकी खाच. दहा खोकी उघडली, दहाही वड्यांवर काकीचं तेच वाकडं बोट, तसूभरही फरक नाही.

“ही कोणाच्या हातची?” मी विचारलं.

“आमच्या कोकणातल्या महिलांच्या,” स्टॉलवाले गृहस्थ म्हणाले.

“सगळ्या महिलांचं मधलं बोट वाकडं आहे का हो?”

“मॅडम, बिल करू का?”

केलं बिल. साडेचारशे रुपये. पंधरा दिवस टाचांना लावलं. पांढरा थर बसला, मोजे चिकटले, भेगा जागच्या जागी. तेव्हा मी कपाटातून काकीच्या शेवटच्या डब्यातलं जपून ठेवलेलं एकुलतं एक मुठेल काढलं आणि दोन्ही शेजारी ठेवली. अगदी तंतोतंत. डबा यायचा थांबून सहा वर्षं झाली होती. का थांबला हे मी एकदाही विचारलं नव्हतं, पण तेव्हा माझा सगळा राग खोक्यावर होता. शुक्रवारची रजा टाकली आणि दोन्ही मुठेलं पर्समध्ये घालून पहाटे गाडी काढली.

जाणाऱ्यांसाठी: पुण्याहून कोल्हापूर, तिथून गगनबावडा. पुढे करूळ घाट सुरू आहे का ते कोल्हापुरातच विचारून घ्या, काम निघालं की भुईबावड्याच्या घाटाने उतरावं लागतं. मला करूळ मिळाला. रस्ता छान, धुकं मात्र असं की समोरच्या ट्रकचे दिवे धरूनच उतरत होते. वैभववाडीत बाजाराजवळ घावणे आणि हिरवी चटणी खाल्ली, चहासकट ऐंशी रुपयांत पोट भरलं. तिथून तळेरे, आणि मग विजयदुर्गच्या रस्त्याला लागून मध्येच आत वळलं की काकीचं गाव. शेवटचे चार किलोमीटर गाडीच्या नव्हे, माझ्या कमरेच्या परीक्षेचे.

काकी खळ्यात, म्हणजे सारवलेल्या अंगणात, सुपाऱ्या वाळत घालत होती.

“इलंस? वाट बरी गावली तुका!” ती म्हणाली. सहा वर्षांचा हिशेब तिने एवढ्या एका वाक्यात मिटवला. मला ओरडली असती तर बरं झालं असतं.

चहा झाल्यावर मी खोक्यातली वडी तिच्या हातात ठेवली. तिने खाचांवरून अंगठा फिरवला.

“हो माझो हात,” ती म्हणाली. मग वडी उलटी करून पाहिली. “पण ह्यां मी करूक नाय.”

तिने वडी नाकाशी नेली, मनगटावर घासली. कातडीवर पांढरी रेघ उठली आणि तशीच राहिली. “ह्यां मुठेल न्हय गो. ह्येच्यात मेण आसा. आणि वास कसलो, अगरबत्तीचो?” मी तिला खोक्यावरचा मजकूर वाचून दाखवला. ‘सांध्यांसाठी’ ऐकल्यावर तिने उजवा हात माझ्यापुढे धरला. आता एक नाही, तीन बोटं वाकडी होती. “मुठेलान सांधे बरे झाले असते, तर माझी बोटां अशी रवली असती काय?”

डबा का थांबला ते तेव्हा कळलं. तिच्याने कांडण होत नव्हतं, आणि कोणी मागितलंही नव्हतं. कोणी म्हणजे मी. तोंड लपवायला जागा नाही अशी लाज वाटली.

तिच्या मुठीचा साचा कसा झाला असेल, तेही तिच्याच बोलण्यातून कळलं. सातेक वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीच्या सभागृहात महिलांसाठी प्रशिक्षण झालं. शहरातून माणसं आली. मुठेल कसं करतात हे काकीने त्यांना दोन दिवस करून दाखवलं. जाताना त्यांनी तिचं एक मुठेल नमुना म्हणून नेलं आणि तिला प्रमाणपत्र दिलं. ते भिंतीवर लावलेलं होतं, लॅमिनेशन करून. मी चष्मा लावून वाचलं: ‘श्रीमती शालिनी यांनी मुठेल निर्मितीचे प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण केले.’ जिने शिकवलं तिलाच शिकल्याचं प्रमाणपत्र! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या निदान तोंडाने मारतात, इथे सहीशिक्क्यानिशी मारल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी महामार्गालगतच्या त्या कारखान्यात गेलो. पत्ता खोक्यावरच होता. काकी इस्त्रीची साडी नेसली होती. आत टेबलावर हिरव्या रबराच्या साच्यांची रांग, आणि दोन बायका केटलीने त्यात पांढरं पातळ मिश्रण ओतत होत्या. प्रत्येक साच्यात काकीची मूठ उलटी बसलेली.

व्यवस्थापक तसे सभ्य होते. त्यांनी खुर्च्या दिल्या, सरबत मागवलं. काकी कचेरीतली मराठी बोलू लागली. “साहेब, हा ठसा माझ्या हाताचा आहे. तुम्ही विचारलं नाही मला.”

“काकू, असं कोणीही म्हणेल,” ते हसून म्हणाले. “हे घ्या, या वडीवर मूठ बसवून दाखवा.”

काकीने वडी मुठीत धरली. बसेना. मधलं बोट खाचेत गेलं, पण शेजारची दोन बोटं आता इतकी कलली होती की खाचांवर आडवी पडत होती. तिने डाव्या हाताने ती सरळ करायचा प्रयत्न केला. मला ते बघवलं नाही.

“बघा. जुळत नाही,” साहेब म्हणाले. “गैरसमज होतात.”

मी पर्समधलं जुनं मुठेल काढून टेबलावर आपटलं. ते साच्यात घातलं तर खट्‌ करून बसलं. साहेबांनी ते बघितलं, मग मला बघितलं, आणि म्हणाले, “योगायोग असू शकतो.” मग खुर्ची पुढे ओढून, “हवं तर काकूंचा फोटो खोक्यावर घेऊ. मानधनही देऊ काहीतरी.”

मी तोंड उघडणार एवढ्यात काकी उठली. कचेरीतली मराठी तिथेच सुटली.

“फोटो नको माका. पैसे नको. माझी मूठ बघून लोक ह्यां घेतले, लावतले, आणि भेगा तशाच रवल्या की म्हणतले, शालूकाकीन फसवल्यान. उभ्या जन्मात मी कोणाक मेण देवक नाय. एक तर बियांचा खरा तेल घाल, नाय तर माझो हात काढ थंयसून!”

ओतणाऱ्या बायकांच्या केटल्या थांबल्या. साहेबांना नेमका तेव्हाच फोन आला.

परतताना मी गाडीत तावातावाने बोलत होते. वकील, ग्राहक मंच, ब्लॉग, सगळं. काकी खिडकीतून बाहेर बघत होती. तळेऱ्याजवळ ती म्हणाली, “पडवीत बियांचा पोता आसा. टाकूक जीव होयना म्हणान ठेवलंय. तू कांडशीत?”

विजयदुर्गचा किल्ला बघायचा राहिला तो असा. तुम्ही मात्र बघा, तिथून तासाभरावर आहे. मी दुपारभर पडवीत बिया कांडत होते. सोललेल्या बियांचा भुगा करायचा, पाण्यात उकळायचा, रात्रभर निवत ठेवायचा. माझ्या तळहाताला तीन फोड आले आणि काकी माझ्या प्रत्येक घावाला नावं ठेवत होती. “मुसळ धरलंस काय मोबाईल?” सकाळी टोपात वर पिवळसर साय धरली होती. ती काढून पुन्हा वितळवली, गाळली, आणि गोठायला लागल्यावर काकीने मूठभर घेऊन दाबली.

पूर्वी ती एका दाबात करायची. यावेळी तीनदा दाबावं लागलं, मध्ये डोळे मिटून थांबावं लागलं. मी म्हटलं, राहू दे. ती म्हणाली, “गप रव.” मूठ उघडली तेव्हा गोळा वेडावाकडा होता. दोन खाचा, एक खड्डा, आणि अंगठ्याचा मोठा दाब. काकीने तो उन्हात धरून सगळीकडून पाहिला आणि पहिल्यांदा हसली.

“आता करूक सांग ह्येचो साचो,” ती म्हणाली. “पुढल्या वर्सा माझो हात आणखी वेगळो असतलो.”

पुण्यात येऊन महिना झाला. कारखान्याला मी तीन पत्रं पाठवली, उत्तर एकच आलं: ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.’ खोकी अजून विकली जातायत. तुम्हाला कुठे दिसली तर वडी मनगटावर घासून बघा. खरं मुठेल घासता घासता मऊ पडतं आणि कातडीत जिरतं, मेण वर बसून राहतं. आणि सांध्यांचं म्हणाल तर काकीची बोटं आठवा.

काकीचं नवं मुठेल मी आधी काचेच्या कपाटात ठेवलं होतं, पुरावा म्हणून. परवा फोनवर तिला अभिमानाने सांगितलं, तर पलीकडून आवाज चढला. “कपाटात? ता काय देव आसा? पायाक लाव. संपला की ये.”

त्या रात्रीपासून लावतेय. टाचा भरत आल्यात. अंगठ्याचा खड्डा झिजून गेलाय, एक खाच अर्धी उरलीय, आणि मे महिन्यातल्या रातांब्यांसाठी मी आजच रजा टाकली.