बायपासच्या अलीकडं, बायपासच्या पलीकडं

त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरलेलं होतं, पण पाऊस नव्हता. श्रावण सरत आला की आमच्याकडं असंच होतं. वारा पडलेला, ढग माळावर टेकल्यासारखे. मधूनच उन्हाची तिरीप यायची आणि नव्या बायपासचं काळं डांबर लखकन चमकायचं. दुसऱ्या दिवशी पोळा होता.

त्या दिवशी काय झालं ते शेवटी सांगतो. घाई कशाला? माळावरनं मेंढरं परत आली की त्यांच्या लोकरीत कुसळं अडकलेली असतात. कुठून आली, कवा आली, मेंढराला पत्ता नसतो. ह्या रस्त्याचे किस्सेही आमच्या अंगाला असेच चिकटत गेले. आता एकेक उपटून काढतो.

आमचं गाव नेकनूरच्या बाजूला. आधी सगळ्या गाड्या गावातून जायच्या, आता गावाला वळसा घालून जातात. गाव अलीकडं राहिलं, चराईचा माळ पलीकडं गेला. माझी साठ मेंढरं अलीकडं राहतात आणि पलीकडं चरतात. मधी हा रस्ता. वरून न्यावीत तर गाड्या सुसाट. खालून माणसा-जनावरासाठी एक बोगदा ठेवलाय, पण मेंढरं त्यात पाय ठेवीनात. एकदा वरून नेताना एका गाडीनं कचकन ब्रेक मारला. कोकरू वाचलं, मीही वाचलो. पण माझा मुलगा शिवा त्या रात्री जेवला नाही. म्हणाला, "आबा, पोळ्यापर्यंत बघू. बोगद्यातून गेली तर ठीक, न्हाईतर इकून टाकू. मला तुमी पायजे, मेंढरं न्हाई."

त्याचं बरोबर होतं.

*

रस्ता नुकता झाला होता, गाड्या सुरू व्हायच्या होत्या. तेव्हा अख्ख्या गावाला एवढं मोठं, गुळगुळीत खळं फुकट मिळालं! कुणाची तूर, कुणाच्या कुरडया, सगळं डांबरावर वाळत पडलेलं.

कौसाबाई आमची शेजारीण. दोन घरांत भिंत एकच, त्यामुळं तिचं बोलणं मला भिंतीतूनही ऐकू येतं. तिनं बरोबर अर्ध्या रस्त्यावर ज्वारी पसरली आणि शेजारी खराटा घेऊन बसली. तेवढ्यात रस्त्याच्या साहेबाची जीप आली.

"मावशी, अहो हा रस्ता आहे!"

"मग म्या काय इहीर म्हणाले व्हय?"

"उचला ते धान्य."

"कावून? मधी पांढरी रेघ कुनी मारली? तुमीच न्हवं?"

"हो, आम्हीच."

"मग झालं की! त्यो बांध हाय. तिकडची बाजू तुमची, हिकडची माझी. म्या बांध कोरला का बघा. एक दाना तिकडं असला तर बोला!"

साहेब खाली उतरला. रेघेच्या कडेनं खरंच वाकून बघत गेला. एक दाणा पलीकडं नव्हता. मग जीप हळूच आपल्या बाजूनं काढली. जाताना म्हणाला, "मावशी, मोजणी खात्यात का नाही गेलात?"

*

बायपास सुरू झाला त्या दिवशी गफूरभाईच्या हॉटेलात मी आणि सीताराम न्हावी दोघंच. समोरचा गावातला जुना रस्ता इतका रिकामा की कुत्री मधोमध झोपलेली. आम्ही बाकडं उचलून रस्त्याच्या मधोमध टाकलं. उगाच! जन्मात पहिल्यांदा तिथं बसता येत होतं.

आधी त्या रस्त्याच्या कडेला बोलणं म्हणजे कसरत. दोन शब्द बोलले की ट्रक. थांबायचं. ट्रक गेला की पुढचे दोन शब्द, तोवर डंपर. ती सवय अंगात मुरलेली. त्या दिवशी सीताराम लेकीच्या लग्नाची गोष्ट सांगत होता. "व्याही म्हणला..." आणि थांबला. आम्हीही थांबलो. सगळीकडं शांत. एक चिमणी तेवढी ओरडली.

गफूरभाई म्हणाला, "बोल की बे! कुनाची वाट बघतो? ट्रक न्हाई येणार आता."

मग सीतारामनं गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग सांगितली. गफूरभाईला रडायला आलं.

सीताराम चिडला. "आता कावून रडतो बे? ही गोष्ट तुला धा वर्सांत शंभरदा सांगितली! दर बारीला मान हलवीत व्हता!"

"यार, मान हलवत होतो," गफूरभाई डोळे पुसत म्हणाला, "ऐकू आज आली."

*

गिऱ्हाईक कमी झालं, हे खरं. गफूरभाईनं आठ दिवस भज्यांची कढईच चढवली नाही. नवव्या दिवशी शेताच्या बांधावरून एक माणूस चिखल तुडवत आला. बघतो तर दुधाच्या टँकरचा ड्रायव्हर! कित्येक वर्षांचं गिऱ्हाईक.

"गाडी कुठं हाय?" गफूरभाईनं विचारलं.

"बायपासला लावली. गावात घातली की मालकाच्या मोबाइलात दिसती. लगेच फोन, कुठं वळला म्हणून. पर मी चाललो तर मी दिसत न्हाई!"

गफूरभाईचा ऊर भरून आला. "इतका चालत नको येऊ भाई. मीच चहा घेऊन येत जाईन बायपासला."

ड्रायव्हर बाकड्यावर मांडी घालून बसला. "चहा तर पुढच्या फाट्यावर बी मिळतो, गफूरभाई. शिव्या कोन देतं तिथं?"

दुसऱ्या दिवशी कढई चढली. आता तीन-चार ड्रायव्हर रोज बांधानं येतात. कौसाबाईच्या रानात पायवाट पडलीय. ती रोज ओरडते आणि परवा तिनंच वाटेतला काटा तोडून बाजूला टाकला!

*

मी शाळेत गेलो नाही. अक्षरं शिकलो ती एसटीच्या पाट्यांवरून. मेंढरं रस्त्याकडेला चरायची आणि मी येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचो, ही गाडी कुठली? 'कडा' आली की क पाठ. 'नांदूरघाट' आली की न, द, र, घ, ट. एका गाडीत इतकी अक्षरं! ती गाडी मला फार आवडायची.

आता काही गाड्या बाहेरूनच जातात. एकदा मी बायपासच्या थांब्यावर उभा राहिलो. गाडी थांबली. कंडक्टरनं दार उघडलं. "चला आबा, कुठं जायचं?"

"कुठं न्हाई. पाटी वाचाया आलतो."

आतली माणसं ओरडायला लागली, ड्रायव्हरनं हॉर्न दिला. कंडक्टरनं मागं वळून सांगितलं, "थांबा हो जरा! त्यांचं वाचून होऊ द्या!"

*

दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं, सगळा संसार ट्रकमध्ये. आमच्याकडं रीत अशी की ट्रक वेशीतल्या मारुतीसमोर थांबतो, नारळ फुटतो, मग गाव सुटतं.

मागच्या दिवाळीला ड्रायव्हर बाहेरगावचा. त्यानं गाडी सरळ बायपासला घातली. मी माळाच्या कडेला, रस्त्यालगत उभा होतो. ट्रक जरा पुढं गेला न गेला, तोच सगळ्या बायकांनी टपावर डबडी, पातेली बडवायला सुरुवात केली! ड्रायव्हरला वाटलं, कुणी पडलं. गाडी उभी केली.

"काय झालं?"

"मारुती राहिला!" टोळीतली म्हातारी सुंदराबाई म्हणाली.

"कोन मारुती? उतरला काय? मोजा सगळ्यायला!"

"आरं देव! गाडी फिरीव."

"मावशी, ह्या रस्त्यानं लई अंतर वाचतं. देवाला इथूनच हात जोडा."

सुंदराबाई काही केल्या ऐकेना. "आमाला सा महिने भाएर ऱ्हायचं हाय. आमाला जाताना बघितलंच न्हाई, तर त्यो आमची वाट कशी बघंल?"

ड्रायव्हरनं गिअर टाकला. वळायला जागा पार पुढच्या टोकाला होती. तिथवर गेला, वळला, वेशीत आला. तोवर मीही बायपास ओलांडून वेशीत पोचलो. टोळीचा नारळ फुटला, ट्रक सुरू झाला आणि परत बंद पडला. आम्हाला वाटलं, बिघडला. तर ड्रायव्हर खाली उतरलेला. गफूरभाईला विचारतोय, "एक नारळ मिळंल का? माझं बी घर लांब हाय."

*

आता पोळ्याच्या आदल्या दिवसाचं.

बोगद्यातून मेंढरं जावीत म्हणून आम्ही काय काय नाही केलं! आत पाला बांधला. गूळ ठेवला. चंद्री ही माझी म्होरकी शेळी. ती जाईल तिकडं कळप जातो. ती बोगद्याच्या तोंडाशी जायची, आतली पांढरी फरशी बघायची आणि माझ्याकडं वळून बघायची. गफूरभाई म्हणाला, "मी आतून बोलावतो." तो आत जाऊन "याऽव याऽव" ओरडला. बोगद्यानं तो आवाज दहापट केला. मेंढरं उधळली ती थेट मारुतीच्या पाराला जाऊन थांबली!

शेवटचा दिवस उजाडला. शिवानं व्यापाऱ्याला फोन केलेला. टेम्पो दुपारी येणार होता. मी चंद्रीच्या पाठीवर हात फिरवत बसलो होतो. भिंतीपलीकडून कौसाबाई म्हणाली, "आबा, गप का हाय आज?" थोड्या वेळानं ती डोक्यावर पाटी घेऊन दारात आली. पाटीत लेंड्या!

"ह्या तुमच्याच मेंढराच्या हायती. मागं माझ्या रानात बसवला व्हता की कळप खतासाठी, त्यातल्या राखून ठिवल्याल्या. आवं, त्या बोगद्याला सिमिटाचा वास येतो. मेंढरू डोळ्यानं घर वळखतं काय? नाकानं वळखतं!"

हे मला सुचायला हवं होतं. जन्म गेला मेंढरांत!

मग आम्ही चौघं लागलो. मी, कौसाबाई, गफूरभाई आणि सीताराम. पाट्यावर पाट्या नेल्या. ह्या तोंडापासून त्या तोंडापर्यंत चांगला जाड थर दिला. सीताराम तर हातानं सारखा करत होता, गिऱ्हाइकाचे केस बसवल्यासारखा.

चंद्री पुढं गेली. मान खाली घातली. वास घेतला. एक पाय आत टाकला, मग दुसरा. आणि मागून साठच्या साठ मेंढरं शिरली! गफूरभाईनं तोंडावर हात दाबून धरला होता, ओरडू नये म्हणून.

आत गेली. मधोमध पोचली. आणि बसली!

एक बसलं, दोन बसली, सगळीच्या सगळी खाली बसली आणि डोळे मिटून रवंथ करायला लागली. आम्ही घरच्यासारखं अंथरलं, तर त्यांनी घरच्यासारखं अंग टाकलं!

तेवढ्यात टेम्पो आला. व्यापारी उतरला, मागून शिवा. व्यापाऱ्यानं बोगद्यात डोकावलं. "हे काय?"

त्यानं बाह्या सारल्या, एक मेंढरू ओढून बाहेर आणलं. दुसरं आणायला गेला तर पहिलं त्याच्या पायाखालून परत आत! तिसऱ्या खेपेला तो स्वतःच लेंड्यांवरून घसरून बसला. शिवाला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी मी त्याला हसताना बघितलं.

"आबा, तुमी उठवा की," व्यापारी कपडे झाडत म्हणाला.

"रवंथ करणारं मेंढरू उठवायचं न्हाई," मी म्हणालो. "आमच्या वडलांनी शिकवलंय."

त्यानं शिवाकडं बघितलं. शिवा बोगद्याकडं बघत होता, ह्या तोंडापासून त्या तोंडापर्यंत.

मला मात्र धीर निघेना. मी हळूच कौसाबाईला विचारलं, "आता गं कसं? उठून कुनीकडं जातील ही?"

तिनं रिकामी पाटी उपडी घातली, तिच्यावर बसली आणि म्हणाली, "बसा निवांत, आबा. टेम्पो अलीकडं हाय आन् गवत पलीकडं. मेंढरायला तेवढं कळतंय."